डेपोच्या उताराकडच्या विहिरी : प्रकल्प नोंदी, २०२५

३ फेब्रुवारी

तृतीय वर्षाच्या भूशास्त्राच्या मुलांना यंदा प्रकल्पाला कोणता विषय द्यायचा, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी जोडला गेलेला मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडायला लागल्यापासून पुण्याच्या कडेच्या गावांत विहिरीच्या पाण्याशिवाय दुसरं बोलणं नाही. वर्गातली एक मुलगी फुरसुंगीची. तिने सरळ विचारलं, "मॅडम, तिकडे पाणी उकळून प्या म्हणतात. आमच्याकडे उकळून काय होणार?"

बरोबर आहे तिचं. उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट, धातू जिथल्या तिथे राहतात आणि पाणी थोडं आटलं की त्यांचं प्रमाण वाढतंच.

विषय ठरला : उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो आणि त्याच्या उताराकडच्या विहिरी. (सासवड रस्त्यावरची उरुळी. कांचनची नव्हे. पहिल्याच दिवशी दोघांनी नकाशावर सोलापूर रस्ता शोधून ठेवला होता.) पाणी खराब आहे हे गावाला आपल्याआधीपासून माहीत आहे, ते शोधून काढायला आपली गरज नाही. आपला प्रश्न वेगळा : अमुक विहीर डेपोमुळे बिघडली असं कागदावर लिहायचं तर हातात काय काय असावं लागतं?

११ फेब्रुवारी

मागचं वाचन. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला जायचा, त्या जागी आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो उरुळी देवाचीकडे जाऊ लागला. पहिली जागा ४३ एकर, पुढे फुरसुंगीच्या बाजूची १२० एकर, मिळून १६३. आंदोलनं अनेकदा झाली. एप्रिल २०१७मध्ये डेपोला आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही गावं महापालिकेत आली आणि सप्टेंबर २०२४मध्ये वेगळी नगरपरिषद होऊन बाहेर पडली.

प्रकल्पाच्या दृष्टीने यातली एकच तारीख महत्त्वाची, आणि ती आंदोलनाची नाही. कचरा टाकायच्या जागेच्या तळाला अस्तर हवं, हा नियम २००० साली आला : ९० सेंटिमीटर जाडीचा घट्ट चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटरची एचडीपीईची (जाड प्लास्टिकची) शीट. त्याआधीची वीसेक वर्षं जो कचरा पडला, तो सरळ जमिनीवर पडला.

२० फेब्रुवारी

टोपोशीट घेऊन बसलो. दक्षिणेला दिवे घाटाचे डोंगर, उत्तरेला मुळा-मुठा. सगळा उतार उत्तरेकडे, ओढेही तसेच. मुलांनी विहिरींवर बाण काढायला लगेच सुरुवात केली. त्यांना थांबवलं.

जमिनीचा उतार आणि जमिनीखालच्या पाण्याचा उतार दख्खनच्या खडकात बहुतेकदा जुळतात, पण बहुतेकदाच. आपल्याकडे वाळूचा एकसारखा जाड थर नाही, जिथे पाणी सावकाश गाळत जाईल. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे फुटका काळा पाषाण, कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ पाषाण), दोन लाव्हांच्या मध्ये कुठे गेरूचा लाल पट्टा. विहिरीला पाणी लागतं ते मुरुमातून आणि भेगांतून. भेगेतून जाणाऱ्या पाण्याला गाळणी मिळत नाही. म्हणून शेजारच्या दोन विहिरींपैकी एक गोडी आणि एक मचूळ, असं होऊ शकतं. गावात असं दिसलं की लोक म्हणतात, "डेपोचा संबंध असता तर दोन्ही बिघडल्या असत्या ना?" या वाक्याला उत्तर देता येणं हे या प्रकल्पाचं निम्मं काम.

त्यात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट मुरुमात उतरतं, पुढे माती फुगून भेगा मिटतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात घाण पाऊस सगळ्यात उघड्या जमिनीवर पडतो.

२ मार्च

पहिली फेरी. डेपोच्या कुंपणाच्या बाहेरून, ओढ्याच्या कडेने खाली.

जायच्या आधी वाटलं होतं की विहिरी मोजणं सोपं आणि पाणी तपासणं अवघड. उलटं निघालं. विहिरी सापडतच नाहीत. नकाशात आहेत, सातबाऱ्यावर आहेत, जागेवर मात्र कुठे लोखंडी जाळी, कुठे वर स्लॅब टाकून गोदामाची पार्किंग, एक तर राडारोडा टाकून बुजवलेली. जिथे पाणी दिसतं तिथेही वापर नाही. वापर का नाही, तर टँकर येतो. डेपोमुळे विहिरी बिघडल्या म्हणून टँकर द्या, ही गावाची वर्षानुवर्षांची मागणी, आणि रास्तच. नळयोजना रेंगाळली आणि टँकर राहिला.

पण त्याचा एक परिणाम झालाय तो कुणी बोलत नाही. टँकर आला आणि विहीर वापरातून गेली. वापरातून गेली म्हणजे उपसा थांबला, तपासणी थांबली, पातळी कुणी बघेना, चव कुणी सांगेना. ज्या विहिरीचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तिची नोंद सगळ्यात कमी.

जे सापडलं ते तोंडी. जाळी लावलेल्या एका विहिरीवर एक आबा भेटले, सत्तरीच्या पुढचे. त्यांना मुलांनी "पाणी कधी बिघडलं?" असं विचारलं. ते म्हणाले, "बिघडलं असं एका दिवशी नाही कळत बाळा. आधी डाळ शिजेना. मग चहा फाटायला लागला. मग पंपाच्या फुटबॉलला लाल गाळ धरायला लागला. मग गुरं तोंड लावेनात." (फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप.) साल सांगता येईना, पण क्रम अचूक. डाळ न शिजणं म्हणजे कठीणपणा वाढला. लाल गाळ म्हणजे खालून विरघळलेलं लोह येतंय आणि हवा लागताच गंजतंय. कचऱ्याच्या पाण्याने भूजलातला प्राणवायू संपला की खडकातलं लोह-मँगनीज असंच सुटतं. वहीत हा क्रम जसाच्या तसा उतरवायला लावला. पुढे प्रत्येक विहिरीवर हेच चार प्रश्न : डाळ, चहा, पंप, गुरं.

एक अट इथेच नोंदवते. बहुतेक मालकांनी पाणी घेऊ दिलं ते आकडा बाहेर सांगायचा नाही या बोलीवर. कुणाची जमीन विकायला आहे, कुणाची भाजी हडपसरच्या बाजारात जाते. तेव्हा विहिरीवार आकडे या नोंदींत येणार नाहीत. ते ज्याचे त्याला मिळतील.

५ मार्च

टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या) दोन पेनांनी एकाच ग्लासातल्या पाण्याचे दोन आकडे दाखवले आणि मुलांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला. कारण साधं. हे पेन क्षार मोजतच नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्याला एका गुणकाने गुणून टीडीएस दाखवतं. एका कंपनीचा गुणक ०.५, दुसरीचा ०.६४च्या आसपास. पाणी तेच, आकडा वेगळा. घरोघरी आरओवाला माणूस येऊन हेच पेन बुडवतो आणि लोक घाबरतात, ते आठवलं.

निर्णय : वहीत फक्त ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) लिहायची, तीही २५ अंश तापमानाला दुरुस्त केलेली. टीडीएस प्रयोगशाळेतून येईल तेव्हा.

१६ मार्च

कॉलेजच्या मागे तीन पिंप मांडले. तळाला नळ, वर गिट्टी, वर मुरूम. पहिल्यात फक्त मुरूम. दुसऱ्यात मुरुमावर कँटीनचा ओला कचरा. तिसऱ्यात तसाच कचरा, पण वर प्लास्टिक आणि मातीचं आच्छादन, डेपोवर कॅपिंग करतात तसं. रोज मापाने पाणी घालायचं. कार्यालयातून वासाबद्दल निरोप आलेला आहे.

३० मार्च

गुढीपाडवा, तरी दोघं पिंप बघायला आले.

दुसऱ्या पिंपातून काळपट पाणी यायला लागलंय. ईसीचं पेन त्यात बुडवलं तर आकडा पडद्याच्या पलीकडे गेला, दहापट पाणी घालून मोजावं लागलं. पीएचची पट्टी आम्लाकडे. कोवळ्या कचऱ्याचं पाणी असंच असतं : सेंद्रिय आम्लं भरपूर, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) प्रचंड. काही वर्षांनी ढीग मिथेन सोडायला लागतो, आम्लं खर्ची पडतात, पीएच सातच्या वर जातो, पाणी वरवर निवळतं. अमोनिया मात्र कमी होत नाही. तो दशकानुदशकं येत राहतो, कारण प्राणवायू नसलेल्या ढिगात त्याला संपवणारं काही नाही. उरुळीला दोन्ही वयांचा कचरा असल्यामुळे दोन्ही प्रकारचं पाणी मिळणार.

तिसऱ्या पिंपात मुलांची पैज लागली होती की काही येणारच नाही. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. आपल्या कचऱ्यात स्वतःचंच पाणी इतकं असतं. मग एक आगाऊ मुलगा म्हणाला, पिंपाचं बूड पाण्याच्या घमेल्यात ठेवून बघू, पावसाळ्यात भूजल वर येतं तसं. नळ उघडा ठेवून ठेवलं. घमेल्यातलं पाणी रंगलं. वरून टोपी घातली तरी खालून भिजतंय, हे त्याने पंधरा मिनिटांत दाखवलं. मी हे फळ्यावर सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

तळाशी अस्तर नसलेल्या ढिगावर केलेली टोपी पावसाचं पाणी अडवते, आणि ते मोठं काम आहे, त्याला नावं ठेवू नयेत. पण ती बाजूने येणारं भूजल अडवत नाही. नियमात म्हणूनच भूजलाची पातळी तळाच्या मातीच्या थरापासून किमान दोन मीटर खाली असावी असं म्हटलंय. मुरूम-पाषाणाच्या मुलखात पावसाळ्याअखेरीस पाणी किती वर येतं हे ज्याने विहीर पाहिलीय त्याला सांगायला नको.

१२ एप्रिल

आज सगळा दिवस एका फळ्यावर गेला. संशयित तीन.

एक, डेपो. दोन, सांडपाणी : गावं झपाट्याने वाढली, इमारती उभ्या राहिल्या, भुयारी गटार सगळीकडे नाही, सेप्टिक टँक जमिनीत. शिवाय बेबी कालवा. मुंढव्याच्या जॅकवेलवरून (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवरून) शहराचं वापरलेलं पाणी त्यात सोडतात आणि ते शेतीला जातं, म्हणजे काही विहिरींना पुण्याचं सांडपाणी त्या वाटेनेही पोचतं. तीन, खतं.

तिघांच्याही पाण्यात क्लोराइड. तिघांमुळेही टीडीएस वाढतो. म्हणून "टीडीएस २०००च्या वर, सबब डेपो" हे वाक्य निरुपयोगी. भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात, क्लोराइडचं तेच २५० आणि १०००. मर्यादा ओलांडली हे त्याने कळतं, कुणामुळे ते कळत नाही.

मग वेगळं काय? कचऱ्याच्या पाण्यात अमोनिया, सीओडी (रसायनाने मोजलेली सेंद्रिय घाण), विरघळलेलं लोह-मँगनीज आणि बोरॉन एकत्र येतात. सांडपाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जिवाणू, ठळक असतो. बोरॉन कपड्यांच्या साबणाच्या भुकटीतूनही येतो, त्यामुळे एकट्यावर विसंबायचं नाही. खताच्या विहिरीत नायट्रेट चढा, पण सीओडी आणि अमोनिया नाही. एकेक घटक खोटं बोलू शकतो, चार-पाच मिळून सहसा बोलत नाहीत.

आणि नायट्रेटची गंमत. मुलांनी गृहीत धरलं होतं की डेपोच्या सगळ्यात जवळच्या विहिरीत नायट्रेट सगळ्यात जास्त येणार. तसं नसतं. ढिगाजवळ प्राणवायू नाही, म्हणून नत्र अमोनियाच्या रूपात राहतं आणि असलेलं नायट्रेटही जिवाणू संपवतात. खाली, दूर, पाण्याला हवा मिळाली की अमोनियाचं नायट्रेट होतं. म्हणजे नायट्रेटची एकच चाचणी करणाऱ्या माणसाला डेपोला लागून असलेली विहीर ४५च्या मर्यादेत, "पिण्यायोग्य" दिसू शकते आणि लांबची नापास. अशी एक पावती गावात एकाने आम्हाला दाखवलीही होती, नायट्रेटचा एकच रकाना भरलेली. आता तिचा अर्थ लागतो.

तुलनेसाठी डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरी हव्यातच. डेपो सुरू व्हायच्या आधीचं पाणी कसं होतं याची आमच्याजवळ बाटली नाही, तेव्हा वरच्या अंगाची आजची विहीर हीच जुनी साक्ष.

नियमाप्रमाणे डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत भूजल तपासायचं असतं. चांगला नियम. पण ५० मीटर कोणत्या बाजूला? भेग ज्या बाजूला जाते तिथे विहीर नसेल तर चारी कोपऱ्यांचे चार स्वच्छ अहवाल मिळतील आणि पाचव्या दिशेने पाणी जात राहील.

२७ एप्रिल

उन्हाळी आवर्तन चालू. उजवा मुठा कालवा फुरसुंगीतून जातो आणि त्याच्या काठच्या विहिरींची पातळी आता, एप्रिलच्या अखेरीला, चढलीय. खडकवासल्याचं पाणी पाझरतंय. ईसी महिन्याभरापूर्वीपेक्षा उतरलेली. पाणी "सुधारलं" असं मालक खुशीत सांगतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंच आहे. आपल्याला नमुन्याच्या तारखेसोबत कालवा चालू की बंद हे लिहावंच लागणार. नव्या तक्त्यात रकाना वाढवला.

संध्याकाळी हिशोब. १६३ एकर म्हणजे सुमारे ६६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, एक टँकर. म्हणजे डेपोच्या जागेवर पन्नास मिलिमीटरचा एक दणका पाऊस झाला तर ३,३०० टँकर पाणी. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. सगळी जागा उघडा कचरा नाही, काही भागावर टोपी आहे, रस्ते आहेत, प्रकल्पांच्या शेड आहेत, बरंचसं पाणी वाहून जातं, उडूनही जातं. तरी यातलं कितीही थोडं आत गेलं तरी ते गावाला मिळणाऱ्या टँकरच्या हिशोबात मोजता येतं, म्हणून मुलांनी हे गणित पोस्टरवर घेतलं.

१८ मे

पावसाळ्यापूर्वीची फेरी महिनाअखेरीला धरली होती, पातळी सगळ्यात खाली असताना. वळवाचा पाऊस थांबायला तयार नाही.

२६ मे

मोसमी पाऊस आजच पुण्यात दाखल. नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. "पावसाळ्यापूर्वी" नावाचा काळ यंदा संपला.

फोनवर चर्चा झाली. फेरी सोडायची का? नाही. उलट पहिला पाऊस आत शिरतानाचं पाणी क्वचित कुणी घेतं. फेरीचं नाव बदललं : "पहिल्या पावसानंतर". गेल्या दहा दिवसांत पडलेला पाऊस तक्त्यात.

१ जून

नमुने. पहाटे निघालो, चिखल घोट्यापर्यंत.

चालू बोअरवर आधी पंप काही वेळ सोडायचा, केसिंगमधलं शिळं पाणी जाऊ द्यायचं, ईसी दोनदा सारखी आली की बाटली भरायची. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, अमोनिया-सीओडीच्या बाटलीत गंधकाम्ल, जंतूंची बाटली निर्जंतुक, सगळं बर्फाच्या पेटीत. हे चालू बोअरचं.

बंद विहिरींचं काय? वरच्या पाण्यावर शेवाळ, थर्माकोल, पावसाचं ताजं पाणी. तिथून भरलं तर विहीर निर्दोष ठरणार. बाटलीला शिशाचं वजन बांधलं, बुचाला वेगळी दोरी, तळाशी नेऊन बूच ओढायचं. जाळीच्या चौकोनातून बाटली जाईना तिथे लांबट बाटली. वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं घेतलं. एका विहिरीत वरची ईसी कुणीही पिईल अशी आणि तळाची कित्येक पट. मुलं माझ्याकडे बघायला लागली. जड, क्षारयुक्त पाणी खाली बसलेलं आणि वर पावसाची साय.

एका काकूंनी सगळ्यांना चहा केला. टँकरच्या पाण्याचा, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

२२ जून

माउलींची पालखी आज दिवे घाटाने सासवडला. रस्ता बंद, काम नाही. फुरसुंगीच्या मुलीच्या घरी वारकऱ्यांसाठी पाण्याची सोय असते, तिने दोन दिवस सुट्टी घेतली आहे.

२० जुलै

अहवाल अजून नाहीत. प्रयोगशाळेला बोरॉनचं किट मिळत नाहीये.

१० ऑगस्ट

पाऊस उघडल्यावर ओढ्याने चाललो. जमिनीखालचं एवढे महिने बोलतोय, जमिनीवरचं विसरून चालणार नाही. पाऊस पडून गेल्यावर ओढ्याला जो प्रवाह उरतो तो बाजूच्या जमिनीतून झिरपलेला. म्हणून पाऊस पडताना नव्हे, दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावर ओढ्याची ईसी दर पन्नास पावलांवर मोजली. दोन ठिकाणी आकडा उडी मारतो. एका जागी कडेच्या दगडांवर केशरी लेप आणि पाण्यावर रंगीत तवंग. मुलांना वाटलं ऑइल. काडीने हलवून बघायला सांगितलं : तेलाचा तवंग हलवला की पुन्हा जुळतो, हा काचेसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा. आबांच्या फुटबॉलवरचा लाल गाळ तो हाच.

दुसरी उडी मात्र डेपोच्या रेषेत नाही. तिथे वर एक सोसायटी आहे. तीही नकाशावर तितक्याच ठळक खुणेने टाकली.

७ सप्टेंबर

अहवाल आले, बोरॉनशिवाय. दोन दिवस तक्त्यांत.

बायोमायनिंगबद्दलही वाचलं. जुना ढीग खणून चाळायचा, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या, माती वेगळी. भूजलासाठी याहून चांगला दीर्घ उपाय नाही, कारण मूळच उपटलं जातं. दोन गोष्टींवर नजर हवी. टोपी काढून ढीग कापला की पावसाळ्यात ती ताजी जखम असते, तेव्हा उघडा भाग कमीत कमी ठेवून बाकीचा झाकावा लागतो. आणि चाळून निघालेली बारीक माती भरावाला जाते. ती दिसते छान काळीभोर, पण तिच्यात क्षार असतात, धातूही असू शकतात. ती न तपासता कुणाच्या विहिरीशेजारी टाकली तर डेपो हप्त्याहप्त्याने गाव बदलतो.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतरची फेरी. पातळी वर, बहुतेक ठिकाणी ईसी जूनपेक्षा कमी. डेपोच्या खालच्या अंगाच्या काही बंद विहिरींत उलटं, पातळीसोबत ईसीही चढलेली. पाणी वर आलं म्हणजे पातळ व्हायला हवं. इथे वर येताना ते कशालातरी भिजवून आलंय. आगाऊ मुलगा घमेल्याचा फोटो शोधत बसला, अहवालात शेजारी शेजारी लावायचाय म्हणून.

९ नोव्हेंबर

मालकांची बैठक, मंदिराच्या सभामंडपात. प्रत्येकाला त्याचा कागद, दुसऱ्याचा नाही. विहिरींचे तीन गट केले आहेत. पहिला : डेपोचा परिणाम दिसतो, कारण अमोनिया, सीओडी, लोह-मँगनीज, क्लोराइड सगळेच वरच्या अंगाच्या विहिरीपेक्षा चढे. दुसरा : मिश्र, सांडपाण्याचा वाटा नाकारता येत नाही. तिसरा, कालव्याकाठचा : सांगता येत नाही.

मिश्र गटातल्या आबांना हे आवडलं नाही. "आमच्या बाजूने आलाय का डेपोवाल्यांच्या? अर्धा गुन्हा सेप्टिक टँकवर टाकलात. उद्या ते हाच कागद दाखवतील." फुरसुंगीची मुलगी उठली. मी उठणार होते, तिने हाताने थांबवलं. म्हणाली, "आबा, तुमची विहीर नक्की डेपोमुळेच असं लिहिलं आणि समोरच्याने ई-कोलायचा रकाना वाचला, तर ज्यांच्या विहिरी खरंच डेपोमुळे गेल्यात त्यांचाही कागद फाडतील." आबा गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे. माझं मत तिच्याच बाजूचं आहे, पण आबांची भीती काल्पनिक नाही हेही तितकंच खरं.

नगरपरिषदेला द्यायच्या अर्जात मागणी एवढीच : पहिल्या गटातल्या चार बंद विहिरी आणि वरच्या अंगाच्या दोन, कायम निरीक्षणाखाली घ्याव्यात. पातळी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वेळापत्रकाशी जुळेल अशी. तळाचं पाणी, वरचं नव्हे. टीडीएसच्या जोडीला अमोनिया, सीओडी, लोह, मँगनीज, क्लोराइड, नायट्रेट, ई-कोलाय. नळ आला, टँकर बंद झाला तरी हे मोजणं बंद करू नये, असं एक वाक्य मुलांनी स्वतःहून घातलं. आकडे सूचनाफलकावर लावायचे की नाही यावर मालकांत एकमत झालं नाही. ती ओळ अर्जातून काढली.

बैठकीनंतर गोदामवाले गृहस्थ भेटले, ज्यांच्या विहिरीवर स्लॅब आहे. त्यांनी मार्चमध्ये आम्हाला फाटकातूनच परत पाठवलं होतं. आता म्हणतात, माझीही बघा. जागा पहिल्या गटाच्या रेषेतच आहे. स्लॅबला कोअर कटरने सहा इंची भोक पाडावं लागेल. ते करून द्यायला ते तयार आहेत, पण ट्रक लागायच्या जागेत, तेव्हा वर लोखंडी झाकण हवं. जानेवारीच्या फेरीत घ्यायची. लांबट बाटलीला जादा दोरी, आणि बोरॉनचं किट मिळालं का ते प्रयोगशाळेला विचारणे.